बुटांखालची माती

काकूंच्या घरी जायचं म्हणजे आधी आपल्या चपलांची झडती द्यावी लागे. दार उघडलं की "ये, बस" वगैरे सगळं नंतर. आधी त्या पायांकडे बघत. आपण चपला काढून आत पाऊल टाकतो न टाकतो तोच त्या खाली बसलेल्या असत, चपला उलट्या करून, हातात पावाला लोणी लावायची एक बोथट सुरी घेऊन. तळाच्या खाचांमधली माती त्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर खरवडून घेत, पुडी बांधत आणि मग कुठे पाणी विचारत. नव्या माणसाला वाटे, बाई स्वच्छतेच्या बाबतीत फार कडक दिसतात. प्रत्यक्षात त्या घराला स्वच्छतेचा तसा काही त्रास नव्हता. सोफ्यावर बसायचं तर आधी वाळलेल्या शेंगांची परात उचलून बाजूला ठेवावी लागे.

पुडीतली माती बाल्कनीत जाई. तिथे दह्याचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या आणि कुंड्या दाटीवाटीने मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर कुणा ना कुणाचं नाव होतं. ज्याच्या पायाची माती, त्याचा डबा. पाणी घालायचं, उन्हात ठेवायचं आणि काय उगवतंय ते बघायचं. माझाही एक डबा होता. एकदा मी नुसती चहाला गेले तर काकू म्हणाल्या, परवा आलमबागला बस स्टँडच्या मागच्या गल्लीने गेली होतीस ना, तुझ्या डब्यात तिथलं गवत आलंय. मी नवऱ्यापासून काहीही लपवलेलं नव्हतं, तरी धसकले. नवऱ्याच्या डब्यात मात्र कधी काही उगवलं नाही. तो बँकेत. घरातून गाडीत, गाडीतून लिफ्टमध्ये. काकू त्या कोरड्या डब्याकडे बघत आणि मला हळूच विचारत, याची तब्येत बरी असते ना?

काकू मूळच्या कऱ्हाडच्या. लखनौच्या एका वनस्पती संशोधन संस्थेत त्यांची सगळी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर त्या इथेच, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत, आमच्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहिल्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा बंगळूरला, तो दर रविवारी फोन करून "आई, आता इकडे ये" म्हणायचा आणि काकू दर रविवारी "पाऊस झाला की येते" म्हणायच्या. लखनौत इतकी वर्षं काढूनही त्यांचं हिंदी अस्सल कऱ्हाडचं राहिलं होतं. भाजीवाल्याला त्या "भैया, ये पालक का तब्येत ठीक नहीं दिखता" असं सांगत आणि तोही बिचारा पालकाची जुडी उलटीपालटी करून बघे.

आमची ओळख झाली तीही चपलांवरूनच. आलमबागला मराठी मंडळींचा गणपती असतो. आम्ही सांगलीहून बदलून नवीन आलेलो, कुणी ओळखीचं नाही. हॉलच्या दाराशी चपलांच्या ढिगाऱ्यात एक बाई फतकल मारून बसल्या होत्या आणि एकेक जोड उलटा करत होत्या. मंडळाच्या एक ताई धावत आल्या. उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण, निदान गणपतीसमोर तरी नको, असं त्यांचं म्हणणं. काकू शांतपणे म्हणाल्या, भांडण होईल ते होईल, ही सोलापूरची माती आहे, ती पुन्हा कधी मिळायची? त्या संध्याकाळी आरतीचा मान कुणाचा यावरून खरोखरच मोठं भांडण झालं आणि खापर काकूंवर फुटलं. त्यानंतर मंडळाने त्यांना प्रसादाच्या समितीत घेतलं, म्हणजे आतल्या बाजूला, चपलांपासून लांब.

हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं. पण काकूंच्या शेजारात राहणं गमतीचं नव्हतं. त्या सतत घाबरलेल्या असत आणि ती भीती सर्दीसारखी लागायची. सकाळी माझा चहा गॅसवर असताना फोन यायचा. अगं, कोपऱ्यावरच्या प्लॉटवर कुणीतरी पांढऱ्या पावडरीच्या रेघा मारल्यात. अगं, नाल्याच्या काठाला सिमेंट घालतायत. अगं, माळी पंप घेऊन फिरतोय, कसलं औषध आहे विचारून ये ना. आम्ही माणसं रिकामा प्लॉट बघितला की भाव काय असेल म्हणतो. काकू रिकामा प्लॉट दिसला की धास्तावायच्या, कारण त्यांच्या लेखी तो भरलेला होता आणि आता रिकामा होणार होता. "मला स्वच्छ जागेची भीती वाटते," असं त्या म्हणत. मी कितीही समजूत घातली तरी "ठीक आहे" हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. फोन ठेवताना त्यांचं एकच असे, "बघू, काय काय जातंय."

मी शिकवत होते त्या शाळेच्या मागे एक खोलगट जागा होती. जुन्या नाल्याचा तुटलेला तुकडा. सगळे त्याला "पीछे वाला गड्ढा" म्हणत. पावसाळ्यात पाणी, हिवाळ्यात चिखल आणि बारा महिने रान. पोरांचा चेंडू तिकडे गेला की सोडून द्यायचा, असा नियमच होता. काकूंना मी एकदा शाळेत घेऊन गेले आणि त्या गेटमधून आत न येता वास लागल्यासारख्या थेट मागे गेल्या. परत आल्या तेव्हा साडीला काटे चिकटलेले आणि चेहरा असा की मी आधी पाणीच पुढे केलं. त्या म्हणाल्या, तालिमखाना आहे गं तिथे. आख्ख्या वृंदावन योजनेत आता फक्त तिथेच.

मला तालिमखाना ठाऊक होता तो काष्ठौषधींच्या दुकानात. मी विचारलं, दुर्मिळ असतो का? तर म्हणाल्या, अजिबात नाही, उत्तर प्रदेशातल्या कुठल्याही ओल्या खड्ड्यात उगवतो. "दुर्मिळ असता तर वर्तमानपत्रात आला असता. साधा आहे म्हणूनच जाईल." खड्डे बुजले, नाल्यांना सिमेंट झालं आणि त्याला पाय टेकायला जागा उरली नाही. पेराभोवती पिवळे काटे, त्यात जांभळी फुलं. काट्यांमुळे गाय तोंड लावत नाही, म्हणून त्याच्यावर एका निळ्या फुलपाखराची काळी अळी निवांत वाढते, आणि अळी आहे म्हणून पक्षी येतात. हे सांगताना काकूंचे डोळे चमकायचे आणि लगेच पुन्हा काळजीत बुडायचे.

आता खरी गोष्ट. जुलै महिना, शाळा नुकतीच उघडलेली. वृक्षारोपणाचा सप्ताह. वरून आदेश आलेला की जैवविविधतेबद्दल जागृती करा, रोपं लावा, फोटो पाठवा. प्रिन्सिपल मॅडमना कुणी तरी तज्ज्ञ बोलवायचा होता आणि मी काकूंचं नाव सुचवलं. काकू आल्या आणि पाचवीच्या वर्गापासून आठवीपर्यंतच्या पोरांसमोर असं काही बोलल्या की मी थक्क झाले. मोठे शब्द एकही नाही. पहिल्या रांगेतल्या एका पोराचा बूट मागून घेतला, तळाची माती खरवडली आणि म्हणाल्या, "इसमें कौन-कौन बैठा है, मालूम है?" मग अर्धा तास पोरं स्वतःच्या पायांकडे बघत होती. शेवटी त्यांनी मागच्या खड्ड्याची गोष्ट सांगितली. प्रिन्सिपल मॅडम भारावल्या. त्यांनी तिथेच माईक घेतला आणि जाहीर केलं की आपल्या शाळेच्या मागे इतका मोठा खजिना आहे, तर तिथे आपण जैवविविधता उद्यान करू या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी सगळ्यांत जोरात.

त्या आठवडाभर काकू इतक्या खुशीत होत्या की मलाच अस्वस्थ वाटायला लागलं. सकाळचे फोन बंद झाले. आणि मग शुक्रवारी दुपारी स्टाफच्या ग्रुपवर मेसेज आला. कल शनिवार को उद्यान के लिए बैक साइड की सफाई होगी, जेसीबी दस बजे आएगी, कृपया बच्चों को दूर रखें.

मी तो मेसेज तीनतीनदा वाचला. मग घाबरतच ऑफिसात गेले. मी कच्च्या नोकरीवर, म्हणजे आवाज मुळातच खालचा. मॅडमना म्हटलं, जे वाचवायचं आहे तेच तर त्या रानात आहे. त्यांनी मला प्रेमाने समजावलं. उद्यान करायचं तर आधी जमीन सारखी करायला नको का? साप निघाला तर जबाबदार कोण? पाहुणे येणार, ते त्या झाडझाडोऱ्यात उभे राहणार का? रोपं आणून ठेवलेली आहेत, अशोक आहे, पाम आहे, गवत बाहेरून मागवलंय. आणि शेवटी म्हणाल्या, "आपकी आंटी के कहने पर ही तो कर रहे हैं."  बाई खोटं बोलत नव्हत्या.

संध्याकाळी मी काकूंना सांगायला गेले. त्यांनी दार उघडलं, सवयीने खाली बघितलं आणि मग माझ्या तोंडाकडे. मी सांगितलं. त्या चपलांजवळच खाली बसल्या. "माझ्याच तोंडाने घालवलं," एवढंच म्हणाल्या. "गप्प बसले असते तर अजून दोन-चार वर्षं कुणाचं लक्ष गेलं नसतं." मी सुचवलं, आपण पोतंभर माती आणू, तुमच्या कुंड्यांत भरू. आणूच, त्या म्हणाल्या, पण एका जागी ठेवलेलं टिकत नाही, एवढं तरी आता मला कळायला हवं. मग त्यांनी माझी एक चप्पल उचलली, उलटी केली आणि तिच्या तळाकडे बघत राहिल्या.

"उद्या शनिवार ना?" त्यांनी विचारलं. "पोरं पांढऱ्या बुटात येतात?"

येतात, मी म्हटलं. शनिवारी पीटी असते. मग त्यांनी आपला बेत सांगितला.

तालिमखान्याचं बी ओलं झालं की बुळबुळीत होतं आणि लागेल त्याला चिकटतं. पाऊस झालेला, खड्ड्यात चिखल, चिखलात गेल्या हिवाळ्याचं बी. जागा वाचत नसेल तर ती वाटून टाकायची. आख्खी शाळा त्या चिखलातून चालवायची आणि पोरांना घरी जाऊ द्यायचं. कुणी तेलीबागेत जाईल, कुणी आलमबागला, कुणी रायबरेली रोडच्या पलीकडे. मी म्हटलं, काकू, पांढरे बूट. त्या म्हणाल्या, पांढऱ्यावर चिखल दिसतो, म्हणजे पोरं तो झाडतील.

शनिवारी सकाळी मी लवकरच निघाले. काकू माझ्याआधी शाळेत पोचल्या होत्या. त्यांनी मॅडमना काय सांगितलं ते मला नंतर कळलं. सफाईच्या आधी एक नेचर वॉक घेऊ, म्हणजे "पहले" आणि "बाद में" असे दोन्ही फोटो मिळतील. फोटोचं नाव काढल्यावर मॅडमनी लगेच मान डोलावली. चिखलाचा विषय कुणी काढलाच नाही. मला एकच धास्ती होती, जेसीबी वेळेआधी आली तर? आणि ती आलीच. पीटीच्या रांगा मैदानातून वळत होत्या तोवर ते पिवळं धूड गेटमधून आत शिरलं. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून हॉर्न वाजवायला लागला. पीटी सर म्हणाले, मैडम, आज रहने दीजिए, बच्चों की सेफ्टी का सवाल है. मी सरांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. काकू कुणाकडेच बघत नव्हत्या. त्या साडी खोचून घोट्यापर्यंत चिखलात उतरल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "आ जाओ. डरो मत. मिट्टी है, करंट नहीं."

मग पोरं उतरली. आधी बिचकत, मग नाचत. शिक्षक कडेला उभे राहून ओरडत होते आणि काकू मध्ये उभ्या राहून पोरांना सांगत होत्या, पाय उचलून टाका, दाबून टाका, इकडून जा, त्या काट्यांजवळून. फोटोवाला उत्साहाने फोटो काढत होता. फक्त एक मुलगी, माझ्याच वर्गातली, काठावर उभी राहून रडत होती. नवे बूट, मम्मी मारेल. मला तिची दया आली, मी तिला जा म्हणाले नाही. काकू तिच्याजवळ आल्या आणि तिचा हात धरून उभ्या राहिल्या. शेवटी तिने डोळे मिटून एक पाय टाकला. मग दुसरा.

सुटायच्या आधी काकूंनी सगळ्यांना बसवून सांगितलं, "घर जाके बाथरूम में मत धोना. गमले में झटकना, पेड़ के नीचे झटकना. नाली में गया तो गया."  मागे जेसीबीने पहिला घास घेतला होता. काकूंनी तिकडे वळून पाहिलं नाही. मी पाहिलं आणि नंतर पाहिलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

त्या संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर जे झालं ते सांगत नाही. काळ्या झालेल्या पांढऱ्या बुटांचे फोटोच फोटो. सोमवारी मॅडमनी मला बोलावून शांतपणे सांगितलं की यापुढे बाहेरची माणसं आणताना विचार करा. नोकरी जाते की राहते या विचारात माझा महिना गेला. नोकरी राहिली. पोरं काकूंना "जूते वाली आंटी" म्हणायला लागली. उद्यानाच्या उद्घाटनाला काकूंना मानाने बोलावलं, कारण कल्पना त्यांची. स्टेजवर त्यांच्या शेजारी पाहुणे, चकचकीत बुटात. त्यांनी वाकून कुणाचे बूट उलटे करू नयेत म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. पण त्यांनी बुटांकडे एकदा नजर टाकली आणि मान फिरवली. तिथे खरवडण्यासारखं काही नव्हतं. आज त्या जागी पामची रांग आहे, सारखं कापलेलं गवत आहे आणि एक पाटी आहे, जैव विविधता उद्यान, कृपया घास पर न चलें.

आम्ही आणलेली पोतंभर माती काकूंच्या बाल्कनीत होती. ऑगस्टमध्ये तिच्यातून कोंब दिसायला लागले आणि काकूंनी पहिल्यांदा मला पेढा दिला. पुढच्याच आठवड्यात माकडांची टोळी आली. लखनौत राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको. एकेक कुंडी, एकेक डबा कठड्यावरून खाली. मी धावत गेले तोवर सफाईवाल्याने सगळं झाडून कचऱ्याच्या गाडीत भरलं होतं, माझा डबा, नवऱ्याचा कोरडा डबा, सगळं. काकू रिकाम्या बाल्कनीत उभ्या होत्या. बाल्कनी अगदी स्वच्छ दिसत होती.

त्यानंतर त्या खचल्या. दिवाळीआधी मुलगा आला आणि सामान बांधून त्यांना घेऊन गेला. पाऊस झाला होता, आता त्यांच्याकडे कारण उरलं नव्हतं. स्टेशनवर त्यांनी मला ती बोथट सुरी दिली. बंगळूरहून फोन येत राहिले. "उगवलं का गं कुठे?" मी रोज शाळेतून येताना पोरांच्या घरांच्या बाल्कन्या बघत यायचे, कडेच्या नाल्या बघत यायचे. लोक मला ओळखायला लागले असावेत. कुठे काही नव्हतं. नाही म्हणायचा मला कंटाळा नव्हता, भीती वाटायची. "बघू," त्या म्हणायच्या, आणि पुढचं वाक्य आता त्या म्हणत नव्हत्या.

नोव्हेंबरात पालकसभा होती. काठावर रडलेल्या त्या मुलीची आई समोर येऊन बसली, रागावलेली. तेलीबागेत राहतात ते. म्हणाली, मैडम, आपकी आंटी ने जूते झड़वाए थे, इसने तुलसी के गमले में झाड़ दिए. आता तिथे काटेरी काहीतरी उगवलंय, सासूबाई रोज कटकट करतात, तुळशीत काटे म्हणजे अशुभ. वर त्याला कीड लागलीय. औषध मारू म्हटलं तर पोरगी कुंडीला मिठी मारून बसते. आप ही समझाइए. मी रजिस्टर मिटलं आणि त्याच संध्याकाळी समजवायला गेले.

पहिल्या मजल्यावरची छोटी बाल्कनी. तुळस एका बाजूला अंग चोरून उभी आणि मधोमध तो, पिवळ्या काट्यांचा, पेरापेराला जांभळी फुलं. पानाखाली अळी होती. मी वाकून वाकून बघितलं, हात लावायचा धीर झाला नाही. तिथूनच काकूंना फोन लावला. सांगताना मला रडू येत होतं.  पलीकडून प्रश्न आला, "अळी काळी आहे?"

"काळीच आहे."

"औषध मारतील गं ते लोक."

"मारायला निघाले होते, काकू. मुलगी मारू देत नाही."

 मागे बंगळूरच्या रस्त्यावरची वाहनं ऐकू येत होती.

"मग ठीक आहे," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी तशीच उभी राहिले. खरं तर माझी काळजी तिथून सुरू झाली. तेलीबागेतही माकडं आहेत. सासूबाई आहेत. बी धरायला अजून वेळ आहे. मी मुलीच्या आईला काय काय सांगितलं ते मला आठवत नाही, बी धरेपर्यंत तरी थांबा, अशी गयावया केली असावी. मुलगी कुठे दिसेना. निघाले तेव्हा दाराशी माझ्या चपला उलट्या पडलेल्या होत्या आणि तळ चमच्याने खरवडून लख्ख केलेले होते. तिची आई ओशाळून त्या सरळ करायला वाकली. मी म्हटलं, रहने दीजिए.